संदेशात आजचं जगणं कुठून आणायचं?

जय ख्रिस्त, भाऊ.

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. तुम्ही यवतमाळ जिल्ह्यातल्या एका कापसाच्या गावात नव्यानं पाळक म्हणून आलात. मंडळी लहान आहे, माणसं नेमानं भक्तीला येतात, वचन शांतपणे ऐकतात. पण संदेशाच्या, म्हणजे प्रवचनाच्या, शेवटी आजच्या काळाशी जोड लावायला गेलं की त्यांचं लक्ष उडतं. मोबाईलवरच्या बातम्या सांगितल्या तर वडीलमंडळी म्हणतात इथे राजकारण नको. नाही सांगितल्या तर तरुण म्हणतात संदेश जुनाट वाटतो. उदाहरणं कुठून आणावीत, तयारीला किती वेळ द्यावा आणि संदेश लागला की नाही हे कसं ओळखावं, असं तुम्ही विचारलंय.

माझ्या मते तुमची अडचण उदाहरणांची नाही, जोड लावण्याच्या जागेची आहे. तुम्ही आधी वीस मिनिटं बाबेल, परूशी आणि मंदिर समजावता, मग पान उलटून म्हणता, "आता हे आपल्या जीवनात कसं ते पाहू या." ऐकणाऱ्याला तिथे दोन वेगळे संदेश ऐकू येतात. पहिला त्याला दूरचा वाटतो. दुसरा त्याला पाठ असतो: दारू सोडा, भांडू नका, प्रार्थना करा. मग लक्ष उडालं तर त्याचा दोष नाही.

मी वर्धा, यवतमाळ, अमरावतीकडच्या खेड्यांतल्या मंडळ्यांत बरीच वर्षं सेवा केली आहे. तिथे मला एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसली. पवित्र शास्त्रातला जवळजवळ प्रत्येक उतारा कुणाच्या तरी अडचणीतून आला आहे. कर्ज, दुष्काळ, मजुरी, वारसाहक्क, परक्या गावात राहणं, भाऊबंदकी, मरणाची भीती. त्या अडचणीचा नेमका शोध घेतला की आजचं जगणं बाहेरून आणावं लागत नाही, ते उताऱ्यातच सापडतं. म्हणून तयारीच्या पहिल्या दिवशी मी स्वतःला एकच प्रश्न विचारतो: या वचनातल्या माणसांची झोप कशानं उडाली होती? दुसरा प्रश्न त्यानंतर: माझ्या गावात त्याच कारणानं कुणाची झोप उडाली आहे?

काही गोष्टी मात्र तुमच्या परिस्थितीवर अवलंबून आहेत. तुमची मंडळी कोणत्या परंपरेतली हे तुम्ही लिहिलेलं नाही. १९७० साली नागपुरात चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची स्थापना झाली. तुम्ही त्या मंडळीत असाल तर वर्षाची वाचनं बरीचशी ठरलेली मिळतील. यवतमाळकडच्या फ्री मेथडिस्ट किंवा अकोला-खामगाव भागातल्या अलायन्स मंडळ्यांत पाळकाला उतारा निवडायला सहसा मोकळीक असते. ठरलेल्या वाचनाचा फायदा असा की आपल्याला नको असलेला उतारा टाळता येत नाही. मोकळीक असेल तर एक अख्खं पुस्तक सलग घ्या, नाहीतर पाळक आपल्या आवडीच्या पाच-सहा वचनांभोवतीच फिरत राहतो.

समोर कोण बसतं यावरही पुष्कळ ठरतं. जुन्या मिशनच्या आवारातल्या मंडळीत निवृत्त परिचारिका, शिक्षक, दवाखान्यातले कर्मचारी असतात. वाडीवरच्या मंडळीत सालदार, वेचणीला जाणाऱ्या बाया, दोन-तीन एकरवाले कास्तकार. मेळघाटात कोरकू बोलणारी, गडचिरोलीकडे गोंडी-माडिया बोलणारी माणसं. एकच संदेश या सगळीकडे चालत नाही. तुमच्याकडे कापूस आहे, म्हणून मी पुढची उदाहरणं कापसाच्या गावातलीच घेतो.

नहेम्याचा पाचवा अध्याय घ्या. नहेम्या म्हणजे यरुशलेमेचा पडलेला तट पुन्हा बांधून घेणारा पुढारी. बहुतेक पाळक नहेम्या काढतात तो त्या कोटासाठी: एकजुटीनं काम करा, शत्रूला घाबरू नका, चर्चच्या बांधकामाला हातभार लावा. पाचवा अध्याय ओलांडून सहाव्यात जातात, कारण तिथे कोट पूर्ण होतो. पण काम अर्धवट असताना मध्येच लोकांचा मोठा आक्रोश उठला आहे, आणि त्यात बायकांचाही आवाज आहे हे शास्त्र मुद्दाम सांगतं. तक्रारी नीट वेगळ्या करा. काहींकडे खाणारी तोंडं जास्त, धान्य नाही. काहींनी दुष्काळात धान्यासाठी शेतं, द्राक्षमळे, घरं गहाण टाकली. काहींनी राजाचा सारा भरायला कर्ज काढलं. शेवटी ते म्हणतात की आमच्या मुली आधीच दासी झाल्या आहेत आणि आम्हाला काही करता येत नाही, कारण शेतं दुसऱ्यांच्या ताब्यात गेली. हे कर्ज देणारे कोण? सनबल्लट आणि तोबीया हे बाहेरचे शत्रू नव्हेत. त्यांचेच भाऊबंद, जे त्यांच्याच खांद्याला खांदा लावून कोट बांधत होते.

हा उतारा पहिल्यांदा नीट वाचाल तेव्हा गावातली माणसं आपोआप डोळ्यांपुढे येतील. पेरणीआधी बियाणं-खतासाठी कृषी केंद्रात उधारी, ती कापूस निघाल्यावर फेडायची. बँकेचं पीककर्ज थकलेलं म्हणून नवं मिळत नाही, मग गावातल्याच कुणाकडून व्याजानं पैसे. घरातल्या बाईच्या नावावर फायनान्सवाल्यांचा हप्ता, आणि हप्ता चुकला की गटातल्या बाकीच्या बायांचा रोष तिच्यावर. मुलीचं शिक्षण दहावीनंतर थांबतं ते याच ठिकाणी. इथे उदाहरण शोधायची गरजच पडत नाही. गरज आहे ती सावधपणाची, कारण कर्ज घेणारा आणि देणारा तुमच्या मंडळीत एकाच सतरंजीवर बसलेले असू शकतात.

आता नहेम्यानं काय केलं ते क्रमानं पाहा. त्याला फार राग आला. मग त्यानं मनात विचार केला, आणि त्यानंतर जबाबदार माणसांना समोरासमोर जाब विचारला. राग आणि बोलणं यांच्यामध्ये त्यानं जो विचार केला तोच पाळकाच्या तयारीचा वेळ असतो, असं मी मानतो. मग मोठी सभा. आणि दहाव्या वचनात तो सांगतो की मी, माझे भाऊ, माझे चाकरसुद्धा लोकांना पैसे आणि धान्य उसनं देत आहोत. चला, आपण हे व्याज सोडून देऊ. तो स्वतःला वेगळं काढत नाही. मागणीही मोघम नाही: आजच्या आज शेतं, द्राक्षमळे, जैतुनाचे मळे, घरं परत करा, आणि व्याज म्हणून घेत असलेला शंभरावा भागही. ते कबूल होतात, तेव्हा याजकांना बोलावून त्यांच्याकडून शपथ घेतो.

या उताऱ्यावर संदेश देताना मी "व्याज घेणं पाप आहे" इतकंच म्हणून थांबत नाही. मी मंडळीला विचारतो: कोटाचं काम अर्धं असताना नहेम्या का थांबला? बाहेरचा शत्रू दारात असताना त्यानं घरातला हिशेब का काढला? देवाच्या कामाची बाहेरची भिंत उभी राहतेय आणि आतमध्ये भाऊ भावाचं शेत गिळतोय, हे देवाला चालत नाही. चर्चच्या नव्या इमारतीसाठी वर्गणी चालू असेल तर हा प्रश्न मंडळीला आणखी टोचतो, आणि टोचू द्यावा.

हे कधी सांगता तेही महत्त्वाचं. मृगाच्या आधी, पेरणीचं कर्ज निघायच्या दिवसांत सांगितलं तर देणारा विचार करू शकतो आणि घेणारा सावध होऊ शकतो. मार्चअखेर, वसुलीच्या दिवसांत तेच सांगितलं तर कर्जदाराला ते आपल्यावरचं बोट वाटतं. आणि नहेम्यावरून कोणत्याही पक्षाच्या कर्जमाफीच्या घोषणेवर उडी मारू नका. तो उतारा एकमेकांना देणेकरी असलेल्या विश्वासणाऱ्यांबद्दल आहे. तिथेच थांबलात तर कुणालाही राजकारण म्हणता येत नाही, आणि सुटकाही नाही.

अशा संदेशानंतर माणसं घरी येतात, हे गृहीत धरून तयारी ठेवा. महाराष्ट्रात २०१४ चा सावकारी नियमन कायदा आहे. परवाना नसलेल्या सावकारानं व्याजाच्या व्यवहारात जमीन लाटली असेल तर जिल्हा उपनिबंधकाकडे अर्ज करता येतो. ही माहिती वेदीवरून सांगायची नसते. पण भक्तीनंतर ओट्यावर कुणी हळूच विचारलं तर पाळकाला "प्रार्थना करू" याच्या पुढे काही सांगता आलं पाहिजे.

दुसरं उदाहरण मत्तय विसावा अध्याय, प्रभू येशूनं सांगितलेली द्राक्षमळ्यातल्या मजुरांची गोष्ट. इथे धोका उलटा आहे: गोष्ट इतकी ओळखीची की आपण तिला लगेच आजची करून टाकतो. आधी तिची स्वतःची जागा पाहा. त्याच्या आधीच्या अध्यायात पेत्र या शिष्यानं विचारलंय, "आम्ही सगळं सोडून आलो, आम्हाला काय मिळणार?" हा दाखला त्या प्रश्नाला दिलेलं उत्तर आहे. म्हणजे प्रभू मजुरीचे दर ठरवत नाही, तो देवाच्या राज्याबद्दल बोलतो. हे मंडळीला सांगायलाच हवं.

पण प्रभूनं देवाचं राज्य समजावायला मजुरांचा ठिय्याच का निवडला, हेही विचारा. मालक पहाटे जातो, मग तिसऱ्या, सहाव्या, नवव्या आणि अकराव्या ताशी पुन्हा जातो. दिवस संपायला एक तास उरलाय आणि माणसं तिथेच उभी. "का रिकामे उभे?" "आम्हाला कुणी कामावर घेतलं नाही." त्यांना देनार मिळतो, म्हणजे एका दिवसाची मजुरी, घर चालेल इतकी; पहाटेपासून राबलेल्यांनाही तेवढाच. आणि मालक कारभाऱ्याला मुद्दाम सांगतो की शेवटच्यांपासून सुरुवात कर, म्हणजे पहिल्यांना ते दिसेलच.

वेचणीच्या हंगामात मी हा दाखला घेतो. वेचणीला किलोमागे पैसे. तरुण बाई दिवसभरात भरपूर वेचते. जिचे गुडघे दुखतात ती म्हातारी निम्मंही वेचत नाही. दोघींच्या घरी चूल तर पेटायचीच असते. एकदा हा दाखला सांगितल्यावर एका बाईनं मला भर भक्तीत विचारलं, "पाळकसाहेब, म्या दिवसभर उन्हात वेचलं न् तिले तेवढेच पैसे, हे कसं काय?" ते ऐकून मला आनंद झाला. पहाटे आलेले मजूर मालकाला नेमकं हेच विचारतात. दाखला तिच्यापर्यंत पोचला होता. मी तिला समजावून गप्प केलं नाही. मालकाचं उत्तर पुन्हा वाचून दाखवलं आणि तिचा प्रश्न तसाच राहू दिला. ऐकणाऱ्याचा विरोध जिथे उठतो, तिथे बऱ्याचदा वचन काम करत असतं. आपण घाईनं तो विरोध मिटवतो आणि संदेशाची धार जाते.

तयारी करताना मला यातून एक सवय लागली. उताऱ्यात जितकी माणसं आहेत, तितक्यांच्या जागी मंडळीतल्या कुणाकुणाला उभं करून पाहायचं. आपण पाळक मंडळी सहज मालकाच्या किंवा प्रभूच्या बाजूला उभे राहतो. कधी पहाटेच्या मजुराच्या जागी, कधी गप्प बसलेल्या कारभाऱ्याच्या जागी उभं राहून पाहा. एकाच उताऱ्यात कास्तकारासाठी एक वाक्य निघतं, वेचणीच्या बाईसाठी दुसरं, आणि पाळकासाठी तिसरं.

आता जड विषयाकडे येतो, कारण विदर्भातल्या खेड्यात पाळकी करणाऱ्याला तो चुकत नाही. २०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी आणि शेतमजूर दगावले. त्याच हंगामात गुलाबी बोंडअळीनं उभी पऱ्हाटी पोखरली. शेतकऱ्यांच्या आत्महत्या आपल्याकडे त्याही आधीपासून होताहेत. अशा घरासमोर पाळक उभा राहतो तेव्हा त्याच्याकडून कारण मागितलं जातं. देवानं हे का केलं? कुणाच्या पापामुळं? आणि सगळ्यात मोठा मोह असतो तो काहीतरी उत्तर देऊन टाकण्याचा.

माझं ठाम मत आहे की असं उत्तर वेदीवरून कधीही देऊ नये. लूक १३ च्या सुरुवातीला लोक प्रभूकडे अशीच बातमी घेऊन येतात, ताजी आणि रक्तानं माखलेली: रोमी सुभेदार पिलातानं गालीलकरांना यज्ञ करतानाच मारलं. प्रभू स्वतःहून दुसरी घटना जोडतो, शिलोहातला बुरूज पडून मेलेल्या अठरा जणांची. ते इतरांपेक्षा जास्त पापी होते का? नाही, असं तो दोन्ही वेळा स्पष्ट सांगतो. मेलेल्यांच्या पापाचा हिशेब तो मांडू देत नाही. पश्चात्तापाची हाक देतो ती उभे राहून ऐकणाऱ्या जिवंत माणसांना. आजच्या बातमीवर बोलायचं असेल तर माझ्यासाठी हा उतारा नमुना आहे: बातमी टाळायची नाही, मेलेल्यावर निकाल द्यायचा नाही, आणि प्रश्न आपल्याकडे वळवून घ्यायचा.

मरणाच्या घरी मात्र हा उतारासुद्धा नको. तिथे मुलंबाळं, मालमत्ता सगळं गमावलेल्या ईयोबाच्या मित्रांचे पहिले सात दिवस आठवा; ते जमिनीवर त्याच्याजवळ बसले आणि बोलले नाहीत. पुढे त्यांनी कारणं सांगायला तोंड उघडलं, आणि पुस्तकाच्या शेवटी देवाचा कोप त्यांच्या त्या बोलण्यावर झाला.

काही आठवड्यांनी, वातावरण जरा निवळल्यावर, १ राजे १९ घ्या. एलीया संदेष्टा रानात एका झुडपाखाली बसून मरण मागतोय. काल-परवाच कर्मेल डोंगरावर ज्याच्या प्रार्थनेनं अग्नी उतरला तोच हा माणूस. म्हणजे असा विचार विश्वास कमी असलेल्यालाच येतो, हे खरं नाही, आणि हे मंडळीनं तुमच्या तोंडून ऐकलं पाहिजे. देव त्याला रागावत नाही. दूत त्याला उठवतो, निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाण्याचा घडा देतो. तो खाऊन पुन्हा झोपतो. दूत दुसऱ्यांदा येतो, पुन्हा खायला लावतो, म्हणतो की वाट तुला झेपणार नाही. "एलीया, तू इथे काय करतोस?" हा प्रश्न त्यानंतर कितीतरी दिवसांनी, होरेब डोंगरावर येतो. मग काम दिलं जातं, आणि सोबतीला अलीशा. जेवण, झोप, सोबत, मग बोलणं: हा क्रम मी संदेशात सावकाश सांगतो, आणि मंडळीला विचारतो की आपल्यापैकी कोण कुणाच्या घरी भाकर घेऊन जाणार. त्या रविवारी चर्चच्या फलकावर टेलि-मानसचा १४४१६ हा नंबर लिहून ठेवतो. मन खचलेल्यांना फोनवर आधार देणारी केंद्र सरकारची ही मोफत सेवा आहे, मराठीत बोलता येतं. हा नंबर सांगितल्यानं विश्वास कमी पडतो असं मला वाटत नाही. निखाऱ्यावरची भाकरही देवानंच पाठवली होती.

उदाहरणांबद्दल थोडं. मोबाईलवर फिरणाऱ्या गोष्टी, कुणा परदेशी सेवकाच्या, कुणा नास्तिकाच्या, टाळा. त्या खऱ्या की खोट्या कुणालाच माहीत नसतं, आणि एक खोटी निघाली तर वचनावरचा विश्वासही हलतो. कुटुंब-प्रार्थनेत कुणी सांगितलेलं दुःख वेदीवर आणू नका. नाव बदललं तरी खेड्यात माणूस ओळखू येतो. परवानगी असली तरी त्याच गावात सांगू नका. त्यापेक्षा सगळ्यांचं सारखं असलेलं आयुष्य घ्या: निंदण, डवरणी, दुबार पेरणीची धास्ती, बाजारात कापूस नेल्यावर पडलेला भाव.

आणि राजकारण. माझी रीत साधी आहे. शास्त्र जे स्पष्ट बोलतं ते वेदीवरून, कुणाला आवडो न आवडो. मजुराची मजुरी अडवू नका, हे याकोबाच्या पाचव्या अध्यायात उघड लिहिलं आहे. कोणती योजना चांगली, कुणाला मत द्यावं, हा माझा अंदाज असतो. तो चहाच्या वेळी, आणि तोही विचारला तरच. तुमच्या वडीलमंडळींना हा फरक एकदा शांतपणे समजावून सांगा. आणखी एक: आपल्या गावांत ध्वनिक्षेपकाचा आवाज चर्चबाहेर जातो. हिंदू, बौद्ध, मुसलमान शेजारी ऐकत असतात. शेजाऱ्याच्या श्रद्धेला कमी लेखून आपलं वचन मोठं होत नाही.

भाषेबद्दल एवढंच म्हणतो. वचन छापलंय तसं वाचा, समजावताना गावच्या बोलीत बोला. आपली माणसं ज्या मातीतली आहेत तिथे गाडगेबाबा कीर्तनात ऐकणाऱ्यांना प्रश्न विचारत आणि लोक उत्तर देत. तुकडोजी महाराजांची खंजिरी याच अमरावतीकडची. नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला आणि पुढे अभंग-कीर्तनाची वाट ख्रिस्ती भक्तीत आणली. तेव्हा संदेशाच्या मध्ये मंडळीला प्रश्न विचारणं, उत्तराची वाट पाहणं, एखादी ओळ सगळ्यांनी गाणं, यात परकं काही नाही. वीस-पंचवीस मिनिटं एकट्यानंच बोलत राहायला हवं असं कुठे लिहिलंय?

किती वेळ द्यावा? तुमच्याकडे एकच मंडळी आहे की चार ठिकाणी भक्ती घ्यावी लागते, पोटासाठी दुसरं काम करता का, यावर हे ठरेल. माझा आठवडा साधारण असा जातो. सोमवारी उतारा मोठ्यानं वाचतो, मागचा-पुढचा अध्याय धरून, आणि टीकाग्रंथ, म्हणजे शास्त्रावरची भाष्यं, उघडत नाही. मंगळवार-बुधवारी घरभेटी, आणि उतारा खिशात. घरभेटी म्हणजे तयारीतून गेलेला वेळ असं तरुण पाळकांना वाटतं. माझी निम्मी तयारी तिथेच होते. कुणाच्या अंगणात, कुणाच्या धुऱ्यावर बसून त्यांनाच उतारा वाचून दाखवतो. गुरुवारी टीकाग्रंथ, कारण तोवर माझे प्रश्न तयार असतात. आधी उघडला तर मी दुसऱ्याचेच प्रश्न घेऊन बसतो. शुक्रवारी पूर्ण लिहून काढतो आणि वरती एका वाक्यात लिहितो की या रविवारी मंडळीनं काय ऐकावं. ते वाक्य जमत नसेल तर संदेश अजून तयार नाही. शनिवारी मोठ्यानं बोलून पाहतो, आणि जे वाक्य तोंडात अडतं ते काढतो. आठवड्यात कुणी वारलं, पाऊस पडला नाही, असं काही झालं तर शनिवारी रात्रीही उतारा बदलायची तयारी ठेवतो. पण ते क्वचित, आणि मोठं कारण असेल तरच.

संदेश लागला की नाही, हे भक्तीनंतर दारात हात मिळवताना कळत नाही. तिथे सगळे "छान झालं" म्हणतात. पुढच्या आठवड्यातल्या घरच्या प्रार्थनेत विचारा, गेल्या रविवारी काय वाचलं होतं? लोकांना तुमची गोष्ट आठवते आणि उतारा आठवत नसेल तर गोष्ट जास्त मोठी झाली. उतारा आठवतो पण त्यात आपण कुठे होतो हे सांगता येत नसेल तर तुम्ही फक्त इतिहास सांगितलात. आणि कुणी वचन घेऊन तुमच्याशी वाद घालायला आलं तर आनंद माना.

आता तुमच्यापुरतं. वेचणी सुरू होईल तेव्हा रूथच्या पुस्तकापासून सुरुवात करा. चारच अध्याय आहेत, चार रविवार पुरतात, आणि मंडळीच्या हंगामाच्या सणाशी जुळतं. दुसऱ्या अध्यायात विधवा रूथ सरवा वेचायला जाते. लेवीय १९ प्रमाणे तो गरिबाचा आणि परक्याचा हक्क होता, मालकाची मेहेरबानी नव्हे. शेताचा मालक बवाज गड्यांना ताकीद देतो की तिला हात लावू नका, तिला अपमानास्पद बोलू नका, तहान लागली तर घड्यातलं पाणी पिऊ द्या. वेचणीच्या बायांना हे समजावून सांगावं लागत नाही. सांगावं लागतं ते त्यांच्याबरोबर वावरात असणाऱ्या पुरुषांना. चौथ्या अध्यायात जमिनीचा व्यवहार वेशीवर, दहा वडिलांच्या साक्षीनं होतो. तेव्हा मंडळीतल्या किती विधवांची वारस म्हणून सातबाऱ्यावर नोंद झाली आहे, याची चौकशी त्या आठवड्यात आधीच करून ठेवा. भारतीय उत्तराधिकार कायदा, १९२५ ख्रिस्ती कुटुंबांना लागू आहे. मुलं असतील तर विधवेचा वाटा एक तृतीयांश, बाकी मुला-मुलींत सारखा. बऱ्याच घरांत हे कुणी सांगितलेलंच नसतं. तलाठ्याकडे अर्ज करायचा असेल तर मंडळीतल्या वडिलांपैकी एकाला त्या बाईबरोबर पाठवा.

पहिला अध्याय मात्र घाईनं उरकू नका. रूथची सासू नामी, नवरा आणि दोन्ही मुलगे गमावून, मवाबातून परत येते आणि गावच्या बायांना सांगते की मला नामी म्हणू नका, मारा (म्हणजे कडू) म्हणा, कारण सर्वसमर्थानं मला फार क्लेश दिला आहे. ती देवाविरुद्ध हे बोलते आणि पुस्तक तिला गप्प करत नाही, तिची चूकही काढत नाही. तुमच्या मंडळीत नवरा गेलेली, मुलगा गेलेला अशा बाया असतील. त्या मंगळवारी त्यांच्यापैकी एकीकडे जा, तिच्या सवडीनं, घरी नाहीतर वेचणीच्या वावरात, आणि हा अध्याय वाचून दाखवा. काही समजावू नका. ती काय विचारते ते ऐका. तो प्रश्न तिच्या नावाशी जोडून कुठेही सांगू नका, पण तुमच्या संदेशाची सुरुवात त्याच प्रश्नापासून करा.